शेषरावांनी राखलेला झुबका

शेषराव वारीक यांचं नाव निघालं की मी विषय बदलतो. ही सवय इतकी जुनी आहे की घरच्यांच्याही ती लक्षात आली होती. बायको एकदा म्हणाली, "त्या न्हाव्याचा विषय काढला की तुम्ही पाणी मागता." त्यावरही मी पाणीच मागितलं. आता ती नाही. दवाखाना बंद करूनही बरीच वर्षं झाली. शेषराव मागच्या वर्षी गेले, आणि जे घडलं ते पुरतं माहीत असलेला मी एकटाच उरलो. इतकी वर्षं मी हे सांगायचं टाळलं. शेषरावांचं त्यात जे जायचं ते तर कधीच गेलं. तरीही लिहितो.

गुलमंडीहून आत जाणाऱ्या एका गल्लीत माझा चार खाटांचा दवाखाना होता. पाटीवर माझं नाव आणि त्याखाली 'सर्जन'. समोर शेषरावांचं दुकान. लाकडी खुर्ची एक, पारा उडालेला आरसा एक, आणि भिंतीला टेकवलेलं बाकडं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. दाढी-कटिंगची दुकानं त्या भागात पाच-सहा होती, पण लेकराचं जावळ काढायचं म्हटलं की लोक शेषरावांकडे येत. खुलताबादेहून येत, फुलंब्रीकडून येत. लेकरू मामाच्या मांडीवर, मामाच्या डोक्याला टोपी, आत्या ओवाळायला, आणि बाकड्यावर मावणार नाही इतकं गणगोत गल्लीत उभं.

शेषराव अंगानं किरकोळ. बोटं मात्र लांब आणि नेहमी कोरडी. वस्तरा लेकराच्या डोक्याला लावण्याआधी ते पात्याची बाजू स्वतःच्या मनगटाला लावून बघायचे. थंड असलं तर तळव्यावर घासून ऊब आणायचे. लेकरांना ते 'सरकार' म्हणत. "सरकार, मान खाली. सरकार, झालंच." मोठ्यांना हा मान नव्हता. आमच्या वॉर्डाचे नगरसेवक एकदा दाढीला बसले आणि बोलता बोलता मान हलवू लागले, तेव्हा शेषराव म्हणाले, "भाषण गल्लीत करा. इथं गळा माझ्याकडं हाय." नगरसेवक दाढी होईपर्यंत गप्प बसले. गल्ली त्यावर आठवडाभर हसली.

जावळाची त्यांची एक पद्धत होती. केसांना पाणी लावायच्या आधी ते डोळे मिटून लेकराच्या डोक्यावरून बोटं फिरवायचे. कपाळापासून मानेपर्यंत, मग कानामागे, मग भुवयांच्या टोकांशी. सावकाश. मग मामाला सांगायचे, "जरा आडवं करा." लेकरू आडवं केलं की हमखास रडायचं, आणि ते रडायला लागलं की शेषराव पुन्हा एकदा टाळूवर हात ठेवायचे. एखादी आजी चिडायची. "आवो, रडवताय कशाला लेकराला?"

"आजी, हसणाऱ्याचं डोकं समदेच बघतेत," शेषराव म्हणायचे. "रडल्याबिगर डोकं खरं बोलत नाय."

हाताला काही लागलं, तर तेवढ्या जागेवरचे केस ते काढायचे नाहीत. गाठीच्या चारी बाजूंनी दोन बोटं जागा सोडून वस्तरा फिरवायचे. लेकराच्या तुळतुळीत डोक्यावर कुठंतरी एक झुबका राहायचा. घरचे म्हणायचे, हे काय, शेंडी ठेवली का? मध्येच? शेषरावांचं ठरलेलं उत्तर होतं, "ते केस माझे नायत. ते समोरच्या डाक्टरचे हायेत. त्यांना दाखवा, मग ते काढतेल."

अशी लेकरं गल्ली ओलांडून माझ्याकडे यायची. सोबत चिठ्ठी नसायची, कारण शेषरावांना सहीपुरतंच लिहिता यायचं. झुबका हीच चिठ्ठी. हात नेमका कुठे ठेवायचा ते मला त्यावरून कळायचं.

लहान मुलांच्या डोक्यावरच्या या गाठी बहुतेक निरुपद्रवी असतात. भुवईच्या टोकाशी वाटाण्याएवढी असते, टाळूवर असते, कधी कानामागे चिंचोक्यासारखी टणक, हाडाचीच. वर्षानुवर्षं मुकाट राहतात. त्यातल्या काही इतक्या दुर्मीळ की सर्जनला उभ्या आयुष्यात एकदा दिसल्या तर दिसल्या. शेषरावांना आमच्याहून जास्त दिसल्या असणार. आमच्याकडे गाठ दिसलेली लेकरं यायची, त्यांच्याकडे सगळीच यायची.

मी एकदा विचारलं होतं, हे शिकलात कुठे? म्हणाले, "नारळवाल्याला इचारा तो कुठं शिकला. नासका नारळ हातात घेतला की कळतो त्याला. मी तर गोड नारळ बी वळखतो."

एका मुलीचं सांगतो. नऊ-दहा महिन्यांची असेल. डोक्याच्या मागच्या बाजूला, बरोबर मध्यावर झुबका ठेवलेला. मी केस बाजूला केले तर टाचणी जाईल एवढं छिद्र आणि त्यातून उगवलेले दोन-चार केस. खाली बारीक गाठ. मला ती केसतोड वाटली. मलम लिहून देत होतो तेवढ्यात शेषराव हातात ब्रश तसाच घेऊन दवाखान्याच्या दारात आले.

"डाक्टरसाब, ते फोड नाय. ते बीळ हाय."

"कशाचं बीळ?"

"ते तुम्हाला ठावं. मला एवढंच कळतं की ते चामडीत संपत नाय. बोटाला आत वढ लागती."

मी ती मुलगी पुण्याला एका मेंदूच्या सर्जनकडे पाठवली, खरं तर शेषरावांची पीडा जावी म्हणून. महिन्याभरानं त्या सर्जनचा फोन आला. ते छिद्र कवटीतून आत मेंदूच्या आवरणापर्यंत गेलं होतं. वरवर दाबून पिळलं असतं, जंतू आत गेले असते, तर मुलगी वाचली नसती. ते म्हणाले, "तुमच्या नजरेची कमाल आहे." मी म्हणालो, "अनुभव, दुसरं काय." समोर खिडकीतून शेषराव दिसत होते, कुणाच्या तरी मानेवरची पावडर झटकत. ती शाबासकी मी त्यांच्यापर्यंत नेली नाही. पुढे जे घडलं त्याची सुरुवात मी या फोनपासून धरतो.

पण अशा गोष्टी गल्लीत लपत नाहीत. मुलीचा बाप पेढे घेऊन आधी शेषरावांकडे गेला आणि मग माझ्याकडे आला. डॉक्टरांच्या एका बैठकीत माझा एक मित्र सगळ्यांसमोर म्हणाला, "याचं बरंय. निदान समोरच्या सलूनमध्ये होतं, हा नुसते टाके घालतो." सगळे हसले, मीही हसलो. घरी येताना स्कूटरवर मात्र मी ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकत होतो.

त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी गणेश आला.

अकरा महिन्यांचं बाळसेदार पोरगं. आई-बाप खुलताबादजवळच्या खेड्यातले, मामा शहरातला, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा व्यापारी. आदल्या दिवशी जावळ झालं होतं, आणि टाळूच्या जरा पुढे, मध्यावर, झुबका होता. या वेळी शेषराव स्वतः सोबत आले. ते तसे कधी येत नसत. गणेश आईच्या खांद्यावर झोपला होता. मी झुबक्याखाली बोट घातलं. मऊ, लहान, जेमतेम हाताला लागेल अशी गाठ. त्या जागी मी अशा गाठी पूर्वी काढल्या होत्या.

"किरकोळ आहे," मी म्हणालो. "काढून टाकू."

शेषराव म्हणाले, "डाक्टरसाब, याला जरा उठवा. रडताना बघा. काल रडताना ही लिंबाएवढी झाली व्हती, निळी दिसत व्हती. उभं केलं की गपकन बसली. मला ही नीट वाटत नाय. हिला लोखंड लावू नका."

मामानं शेषरावांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. थट्टेनं म्हणाला, "मंग काय डाक्टर, आप्रेशन कोण करणार? तुम्ही का हा?"

त्या वेळी मला पोरगं दिसलं नाही. मला ती बैठक दिसली, ते हसणारे दिसले. मी म्हणालो, "शेषराव, तुमचं काम झालंय. आता मला माझं करू द्या."

शेषराव पुढे झाले. गणेशच्या टाचेला बोट लावलं, म्हणाले, "बरं, सरकार," आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गणेशला टेबलावर घेतलं. भुलीचा डॉक्टर होता, नर्स होती. तो झुबका मी माझ्या हातानं काढला. झुबक्याच्या चारी बाजूंची कातडी मी दिव्याखाली पाहिली. तिथं ओरखडासुद्धा नव्हता. मग मान जरा खाली केली, आणि माझ्या डोळ्यांसमोर ती गाठ फुगली. निळसर झाली. बोटानं दाबली तर गेली, सोडली तर परत आली. हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. मी ते पाहिलं, आणि ते काय असू शकतं हेही मला क्षणभर आठवलं. विद्यार्थी असताना अर्ध्या पानात वाचलं होतं: कवटीच्या बाहेरची रक्ताची पिशवी, हाडातल्या बारीक छिद्रांतून आतल्या मोठ्या शिरेला जोडलेली. ती निरुपद्रवी असते. तिला कुणी हात लावला नाही तर माणूस तिच्यासकट म्हातारा होतो.

तिथंच थांबता आलं असतं. बाहेर जाऊन म्हणायचं होतं, शेषराव बरोबर होते, पोराला घरी न्या. दाराबाहेर मामा बसला होता. मी सुरी मागितली.

रक्त काळं होतं आणि उसळत नव्हतं, नुसतं भरत होतं. मी दाबून धरलं, गॉज भरला, टाका घालायला गेलो तर हाडातूनच येत होतं. तसंच दाबून धरून आम्ही त्याला मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथल्या लोकांनी शर्थ केली. दुसऱ्या दिवशी दुपारी गणेश गेला.

त्याचा बाप व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता. आवाज न चढवता म्हणाला, "डाक्टर, परवा सकाळी त्यानं भाकरीचा तुकडा खाल्ला. सोत्ताच्या हातानं."

त्यानं मला काही विचारलं नव्हतं. विचारलं मी. "जावळ काढताना गाठीच्या कडेला वस्तरा लागला होता का?"

एवढंच. मी आरोप केला नाही, खोटं बोललो नाही, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. नुसता प्रश्न होता. पण त्याचं उत्तर मला माहीत होतं, आणि ते माहीत असणारा त्या व्हरांड्यात मी एकटाच होतो.

मामा पुढे आला. "लागला असंल. कानापाशी जरा रगत दिसलं व्हतं मला." कानापाशी बारीकसा ओरखडा होता, खरं आहे, लेकरानं मान झटकली की होतो तसा. गाठीपासून चार बोटं लांब. मी तेही म्हणालो नाही. मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नुसतीच, हे ज्यानं त्यानं ठरवावं अशी.

संध्याकाळी दुकानाचा आरसा फुटला. खुर्ची गल्लीत फेकली. मी समोर दवाखान्यात दिवा न लावता बसलो होतो. मामाचा आवाज ऐकू येत होता. "गाठ हाय ते ठावं व्हतं ना तुला? म्हणून तर झुबका ठिवला. आन् तरी कडेनं वस्तरा चालवला? म्हणून डाक्टरला लोखंड लावू नका म्हणत व्हता व्हय?" शेषरावांची ती पद्धत, जिच्यामुळे कितीतरी लेकरं वेळेवर माझ्यापर्यंत पोहोचली होती, तीच त्यांच्याविरुद्धचा पुरावा झाली. पोलिसांत कुणी गेलं नाही. लोकांना तेवढ्याची गरज वाटली नाही. न्हाव्याच्या वस्तऱ्यानं लेकरू गेलं, हे आठ दिवसांत खुलताबादेपर्यंत पोहोचलं.

त्यानंतर शेषराव माझ्याकडे एकदाच आले. पेशंटच्या रांगेत बसले. नंबर आल्यावर आत आले, स्टुलावर बसले नाहीत.

"डाक्टरसाब, एक इचारायचं व्हतं. तुम्ही लाइटीखाली बघितलं असंल. झुबक्याच्या कडंला काही जखम व्हती का?"

ते मला जाब विचारत नव्हते. हे मला फार उशिरा समजलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. चाळीस वर्षांच्या स्वतःच्या हातावरचा त्यांचा विश्वास डळमळला होता आणि तो जागेवर आणू शकणारा एकच माणूस होता. मी टेबलावरचा रक्तदाबाचा पट्टा गुंडाळत म्हणालो, "शेषराव, त्या गडबडीत आता काय आठवतं."

त्यांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "व्हय. गडबड असती." आणि गेले.

जावळाला त्यांच्याकडे पुन्हा कुणी आलं नाही. दोन-तीन म्हातारे दाढीला यायचे, तेही बंद झाले. वर्षभरात दुकान गेलं. तिथं मोबाइलची कव्हरं विकणारा आला. शेषराव थोरल्या मुलाकडे वाळूजला राहायला गेले. तो कारखान्यात कामाला होता. असं ऐकलं की नातवाचं जावळ काढायलाही त्यांनी नकार दिला, दुसऱ्या न्हाव्याला बोलावलं, आणि जावळ चालू असताना स्वतः घराबाहेर जाऊन उभे राहिले. मुलानं, सुनेनं आग्रह केला नाही. मला वाटतं, त्यांनाही मनातून तेच बरं वाटलं असणार.

आणि मी? माझा दवाखाना चालू राहिला. डोक्याच्या गाठी मी पुन्हा कधी काढल्या नाहीत, त्या पुढे पाठवत राहिलो. लोकांनी त्याला सावधपणा म्हटलं. झुबका ठेवलेलं लेकरू पुन्हा आलं नाही. नंतर किती गाठी कुणाच्याच हाताला न लागता राहिल्या, किती बिळं पिळली गेली, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.

चार वर्षांपूर्वी वाळूजच्या आठवडी बाजारात शेषराव मला दिसले. तिथं एका जुन्या पेशंटच्या घरी लग्नाला गेलो होतो. बाजाराच्या टोकाला, भिंतीच्या सावलीत गोणपाट टाकून ते बसले होते. पुढ्यात पत्र्याची पेटी. बाजाराला आलेल्या माणसांच्या दाढ्या करत होते. हात तसेच, लांब आणि कोरडे. मी गाडी थांबवली, जाऊन त्यांच्यासमोर बसलो. गुडघे दुखत होते, तरी मांडी घातली.

त्यांनी मला ओळखलं. "डाक्टरसाब, किती वाळलात," म्हणाले, आणि साबण लावायला घेतला. मी काय बोलायचं ते इतकी वर्षं घोकलं होतं. त्यांनी पातं मनगटाला लावून पाहिलं. मी तोंड उघडलं.

"बोलू नका," ते म्हणाले. "गाल बसलेत तुमचे. लागंल."

मग त्यांनी दाढी केली. कधी कुणी केली नव्हती इतकी हलकी. तुरटी फिरवली, तोंड पुसलं आणि फडकं झटकलं. मी म्हणालो, "शेषराव, मला तुमच्याशी जरा…" त्यांनी माझ्या खांद्यामागे पाहिलं. तिथं एक माणूस उकिडवा बसून वाट बघत होता. "या, सरका पुढं," ते त्याला म्हणाले. मी उठलो. गाडीत बसल्यावर वळून पाहिलं तेव्हा ते त्या माणसाची हनुवटी दोन बोटांनी वर करत होते, डोळे बारीक करून. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. त्यानंतर शेषराव मला दिसले नाहीत. त्यांना मी टाळतोय असं मला आयुष्यभर वाटत होतं. ते मला टाळत असतील हे तोवर मनात आलं नव्हतं.

मागच्या वर्षी ते गेल्याचं कळलं. दहाव्याला मी गेलो. गोदावरीच्या काठावर पंचवीस-तीस माणसं होती. थोरला मुलगा नुकतंच मुंडण केलेलं डोकं घेऊन माझ्या पाया पडायला वाकला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"तुम्ही आलात, लई बरं वाटलं," तो म्हणाला. "बापाच्या हातून एकदा चूक झाली, डाक्टरसाब. माणूस हाय, होती. पण लोकांनी तेवढंच धरून ठिवलं. तुम्ही तरी मोठ्या मनानं आलात."

"काही बोलायचे ते? त्याबद्दल?" मी विचारलं.

"नाय. शेवटपर्यंत नाय. नुसते बोटांकडं बघत बसायचे."

मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. समाजाचे अध्यक्ष बोलले, सरपंच बोलले. मुलानं माइक माझ्या हातात आणून दिला. "आमच्या बापाच्या दुकानासमोरच डाक्टरसाबांचा दवाखाना व्हता," त्यानं सगळ्यांना सांगितलं. "त्यांनी दोन शब्द बोलावेत."

समोर सगळे होते. मुलगा, सून, मोठा झालेला नातू, त्यांच्या जातगंगेतली माणसं, खुलताबादेकडचे दोघे-तिघे. बोलायचं होतं ते खरोखर दोनच वाक्यांचं होतं. शेषरावांच्या हातून काहीही चूक झाली नव्हती. ती माझ्या हातून झाली, आणि मी ती त्यांच्या नावावर जाऊ दिली. त्यांनी मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मला माफ करा, हे त्यांच्या मुलाच्या तोंडाकडे बघून म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "शेषरावांचा हात फार हलका होता. फार चांगला माणूस होता." आणि माइक पुढच्या माणसाला दिला.